हौसेने केलेली कामं घर विकताना अंगाशी येऊ नयेत म्हणून: तोडफोडीआधी हे वाचा

हौसेला मोल नसतं म्हणतात, ते किती शब्दशः खरं आहे हे मला घर विकायला काढल्यावर कळलं. आम्ही त्या घरात ९ वर्षं राहिलो, हौसेने एकेक काम करत गेलो, चांगला पैसा ओतला आणि मनात पक्कं होतं की विकताना हे सगळं वसूल होणार. झालं उलटंच. ज्या गोष्टी आम्ही कौतुकाने दाखवत होतो नेमक्या त्याच बघून लोक एकमेकांकडे बघायचे आणि "कळवतो" म्हणून निघून जायचे. घेणाऱ्याच्या कर्जासाठी बँकेचा माणूस घर मोजायला आला त्या दिवशी तर कहरच झाला, पण ते पुढे सांगते.

तर हे लिहितेय ते पहिल्यांदाच घर घेतलेल्या आणि आता हातोडा उचलायच्या तयारीत असलेल्या लोकांसाठी. घराला हात लावू नका असं मी अजिबात म्हणत नाहीये, राहायचंय तुम्हाला, मनासारखं करा. फक्त कुठलं काम परत फिरवता येतं आणि कुठलं नाही एवढं आधी बघा. मी आमच्या कामांची नंतर यादी केली तेव्हा ती आपोआप तीन गटांत पडली. पहिला गट, रंगाचा डबा आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन दोन दिवसांत पूर्ववत होणारी. दुसरा, गवंडी आणि प्लंबर बोलावून महिनाभर धूळ खाऊन होणारी. आणि तिसरा, काही केल्या पूर्ववत न होणारी. खाली जिथे "तिसरा गट" म्हणेन तिथे जरा थांबून वाचा.

१. सगळ्यात आधी कागद आणि मोजपट्टी

काँट्रॅक्टरला फोन करायच्या आधी हे जमवा:

- घराचा मंजूर नकाशा (प्रत नसेल तर जिथून नकाशा मंजूर झाला त्या कार्यालयातून काढून घ्या, वेळ लागतो पण मिळते)
- इमारतीत राहत असाल तर स्ट्रक्चरल ड्रॉइंग, म्हणजे बीम (वजन पेलणाऱ्या आडव्या तुळया), कॉलम (उभे खांब) कुठे आहेत ते दाखवणारं
- खरेदीचे कागद, ज्यात क्षेत्रफळ आणि खोल्या लिहिलेल्या असतात
- प्रत्येक खोलीचे, प्रत्येक भिंतीचे आत्ताचे फोटो
- ५ मीटरची टेप, स्पिरिट लेव्हल, एक वही

नकाशा घ्या आणि खोलीखोलीत फिरून टेपने ताडून बघा. आधीच्या मालकाने काही उद्योग करून ठेवले असतील तर ते आत्ताच कळतील, तुम्ही विकायला काढल्यावर नाही. आमच्याकडे स्वयंपाकघरामागची छोटी खोली नकाशात नव्हतीच! तिथे नुसतं उघडं वॉशिंगचं ठिकाण दाखवलेलं होतं, आधीच्या माणसाने पत्रा टाकून बंद केलेलं. आम्ही घेताना बघितलंच नाही आणि वर तिथे छान टाईल्स पण लावल्या.

२. किती वर्षं राहणार ते स्वतःशी खरं बोला

पंधरा-वीस वर्षं राहणार असाल तर यातलं अर्धं विसरा, कारण तेवढ्या वर्षांत टाईल्स, नळ, वायरिंग सगळंच जुनं होणार आणि घेणारा तसंही बदलणार. पण चार-पाच वर्षांत बदलीची, मुलांच्या शिक्षणाची किंवा मोठ्या घराची शक्यता असेल तर प्रत्येक काम करताना घेणारा माणूस डोळ्यांसमोर ठेवा. तो माणूस तुमच्यासारखा नाही. त्याला तुमचा छंद नाही, त्याच्या घरात कदाचित गुडघेदुखीवाले आईवडील आहेत, कदाचित दोन लहान मुलं आहेत.

३. खोल्यांची संख्या कमी करू नका

आमची सगळ्यात मोठी चूक ही. तीन बेडरूमचं घर होतं, त्यातल्या दोन लहान बेडरूममधली भिंत पाडून एक ऐसपैस खोली केली, एका टोकाला पलंग, दुसऱ्या टोकाला वाचायला खुर्ची, मोठ्ठं कपाट. राहायला सुख होतं, खोटं नाही बोलणार. पण जाहिरातीत काय लिहिणार? दोन बेडरूम. आणि ज्यांना तीन हव्यात ते यादीत दोन बघून फोनच करत नाहीत, आणि ज्यांना दोन चालतात ते दोन बेडरूमच्या घराचाच भाव देतात, तुमची खोली कितीही मोठी असो. लोक घर शोधताना आधी खोल्यांच्या आकड्यावर चाळणी लावतात, आणि चाळणीतून पडलात की तुमचे सुंदर फोटो बघायला कोणी येतच नाही.

हाच प्रकार बेडरूमची ड्रेसिंग रूम करण्याचा, होम थिएटर करण्याचा, जिम करण्याचा. जिमचं सामान उचललं की बेडरूम परत येते, ते ठीक, पहिला गट. पण थिएटरसाठी खिडकी विटांनी बुजवली, भिंतींना काळं फोम चिकटवलं, पायऱ्यांसारखा चढता कट्टा बांधला, तर ती परत बेडरूम होईपर्यंत घाम निघतो. खिडकी बुजवणं तर अजिबातच नको, कारण बहुतेक ठिकाणच्या बांधकाम नियमांत उजेड आणि हवा नसलेली खोली राहण्याची खोली म्हणून धरतच नाहीत.

उलट बाजूने पण लोक फसतात. एका खोलीत जिप्समचं पार्टिशन टाकून दोन खोल्या करायच्या आणि "चार बेडरूम" म्हणून विकायचं. मधल्या खोलीला खिडकी नाही, दार दुसऱ्या बेडरूममधून. बघणारे दोन मिनिटांत ओळखतात आणि मग बाकीच्या घरावरचा पण त्यांचा विश्वास उडतो.

बाथरूमचंही तसंच. दोन असतील तर दोनच ठेवा. आणि घरात एकच बाथटब असेल तर तो काढण्याआधी विचार करा, लहान मुलांवाली कुटुंबं कधीकधी तोच शोधत असतात. दोन बाथरूम असतील तर एकात टब, एकात शॉवर, हे सगळ्यांना चालतं.

४. भिंत पाडायची तर इंजिनिअर, काँट्रॅक्टर नाही

काँट्रॅक्टर म्हणणार "काही होत नाही ताई, अशा पन्नास पाडल्यात". त्याला घर विकायचं नाहीये, तुम्हाला विकायचंय.

घर आरसीसीचं, म्हणजे सळई घातलेल्या काँक्रीटचं, असेल तर वजन कॉलम-बीमवर असतं आणि मधल्या बऱ्याच भिंती नुसत्या आडोशाच्या असतात. पण जुन्या, विटांच्या किंवा दगडी घरात भिंतीच वजन पेलतात, तिथे एक भिंत काढली की वरचा स्लॅब किंवा छप्पर खाली बसायला लागतं, लगेच नाही, हळूहळू, आधी दाराची चौकट अडकते, मग कोपऱ्यातून तिरकी भेग निघते. जाडीवरून अंदाज येतो (नुसत्या आडोशाच्या भिंती साधारण १० सेंमीच्या, वजन घेणाऱ्या २० सेंमी आणि वर) पण हा अंदाजच, यावर हातोडा चालवू नका. काही नव्या इमारतींत अख्ख्या भिंतीच काँक्रीटच्या ओतलेल्या असतात, तिथे तर एसीच्या पाईपसाठी भोक पाडतानाही विचारायचं असतं. बीमला, कॉलमला खाच पाडून पाईप किंवा वायर नेणं म्हणजे सरळ तिसरा गट, आतली सळई कापली गेली की वरून कितीही प्लास्टर करा.

वजन वाढवण्याबद्दलही लोकांना कल्पना नसते. राहत्या घराचा स्लॅब डिझाईन करताना माणसं, सामान वगैरेंसाठी दर चौरस मीटरला साधारण २०० किलो धरतात, अनेक देशांच्या नियमांत हा आकडा याच्याच आसपास आहे. आता हिशोब करा. एक घनमीटर पाणी म्हणजे १,००० किलो. गच्चीवर नुसता ३० सेंमी ओल्या मातीचा थर दिला तरी चौरस मीटरला ५०० किलोच्या पुढे जातं. भिंतीत मोठा फिश टँक, गच्चीवर बाग, छोटा पूल, हे सगळं बघायला आलेला जाणता माणूस आधी खालच्या खोलीत जाऊन छत बघतो. बाग हवीच तर हलक्या कुंड्या, भिंतीच्या आणि बीमच्या जवळ, आणि कुंड्या उचलून नेता येतात हा वेगळा फायदा.

इंजिनिअरकडून नुसतं तोंडी "चालेल" घेऊ नका. सही-शिक्क्याचं पत्र घ्या, त्यात कुठली भिंत, किती लांबीची, लिंटेल (मोकळ्या जागेच्या वर आधाराला टाकतात ती आडवी पट्टी) किंवा बीम कसा टाकला ते लिहून घ्या. हा एक कागद विकताना फार कामाला येतो.

५. ओल्या कामात घाई आणि काटकसर दोन्ही नको

आता एका आजींची गोष्ट. त्या मुला-सुनेबरोबर घर बघायला आल्या. मुलगा मोबाईलवर फोटो काढत होता, सून कपाटं उघडून बघत होती, आणि आजी मात्र पर्समधून किल्ल्यांचा जुडगा काढून बाथरूमच्या फरशीवर टकटक करत निघाल्या. टणक, टणक, टणक, आणि मग दाराजवळ एकदम ढब. परत वाजवलं, परत ढब. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "अगं, ही खाली पोकळ आहे. जुनीवरच बसवलीय ना?" मी काय बोलणार. आम्ही खरंच जुन्या टाईल्सवर नव्या चिकटवल्या होत्या, तोडफोड नको, दोन दिवसांत काम होतं म्हणून.

टाईलवर टाईल ही फॅशन खूप आहे आणि कोरड्या खोलीत, नीट केमिकल वापरून, खालची फरशी पक्की असेल तर चालूनही जाते. पण बाथरूममध्ये त्याने काय काय होतं बघा:

- फरशी दीड ते तीन सेंमी वर येते, म्हणजे बाहेरच्या खोलीपेक्षा बाथरूम जे खाली असायला हवं ते समपातळीत येतं, आणि नळ चुकून वाहता राहिला की पाणी थेट बेडरूममध्ये
- दार खालून कापावं लागतं
- जाळीकडे जाणारा उतार बिघडतो (एका मीटरला १ ते २ सेंमी उतार हवा, नाहीतर कोपऱ्यात पाणी साचतं)
- खालचं जुनं वॉटरप्रूफिंग गेलंय की नाही हे कळायचा मार्ग बंद

जुनी फरशी काढा, वॉटरप्रूफिंग नव्याने करा, भिंतीवर पण निदान वीतभर आणि शॉवरच्या भागात डोक्याच्या वर चढवा, मग जाळी बंद करून पाणी भरून ठेवा. कमीत कमी २४ तास, आणखी एखादा दिवस ठेवलंत तर उत्तमच. खालच्या घराच्या छताचे आधी आणि नंतर फोटो काढा, तारखेसकट. मिस्त्री कुरकुर करेल, करू दे.

कमोडची जागा हलवणं हा अजून एक सापळा. माझ्या धाकट्या भावाने केलं. मैल्याचा पाईप १० ते ११ सेंमी व्यासाचा असतो आणि त्याला मीटरमागे साधारण सव्वा ते अडीच सेंमी उतार लागतो. त्याने कमोड ३ मीटर लांब नेलं, म्हणजे उतार चार ते साडेसात सेंमी, वर पाईपची जाडी, असं करत फरशी १५ सेंमीहून जास्त वर उचलावी लागली आणि दारातच एक पायरी तयार झाली. आता रात्री अंधारात प्रत्येक पाहुणा तिथे ठेचकाळतो. उतार कमी ठेवला असता तर पाईप तुंबला असता. ड्रेनेज जिथे आहे तिथेच ठेवून बाकी डिझाईन त्याच्याभोवती करा, निम्मी डोकेदुखी संपते. हाच नियम बेडरूमच्या वर, किंवा खालच्यांच्या स्वयंपाकघराच्या वर, नवीन बाथरूम काढण्याला. बऱ्याच इमारतींत ते चालतच नाही.

ओल लपवणं. यावर मला जरा जास्त राग आहे कारण आम्ही स्वतः केलंय. बेडरूमच्या एका भिंतीला पोपडे यायचे, आम्ही खरवडून, पुट्टी मारून रंगवलं, परत आले, मग पीव्हीसी पॅनल ठोकलं. दिसायला झकास. तीन वर्षांनी पॅनल काढलं तर मागे काळी बुरशी आणि वास. ओल बाहेरून येतेय, खालून चढतेय की पाईपमधून, हे शोधल्याशिवाय वरून काहीही लावलं तरी ते पाणी आत कोंडतं. आणि हल्ली बघायला येणारे काहीजण छोटं ओलावा मोजायचं यंत्र घेऊन येतात, भिंतीला टेकवलं की आकडा दिसतो. माहीत असलेला दोष लपवून घर विकलं तर बऱ्याच देशांत नंतर कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागू शकतात ते वेगळंच.

घर जुनं, चुन्यात बांधलेलं असेल तर अजून एक गोष्ट. चुन्याच्या भिंती ओलावा घेतात आणि सोडतात. त्यावर "मजबुती"साठी सिमेंटचं प्लास्टर आणि वरून प्लास्टिक पेंट मारला की ओलावा आतच अडकतो, आणि भिंत आतून भुसभुशीत व्हायला लागते. तिथे चुन्याचंच काम करणारा माणूस शोधा. सापडायला कठीण आहे, मान्य.

६. भिंतीत जे जातंय त्याचे फोटो

छोटा मुद्दा, पण प्लीज करा. वायरिंग आणि पाईप भिंतीत बुजवण्याआधी प्रत्येक भिंतीला टेप लावून, टेपचे आकडे दिसतील असा फोटो काढा. गिझर, एसी, ओव्हन यांना स्वतंत्र सर्किट, प्रत्येकाला आपापला एमसीबी (जास्त वीज ओढली की आपोआप बंद पडणारा स्विच), आणि बोर्डावर नावं लिहून घ्या. अर्थिंग खरंच जोडलंय का ते लायसन असलेल्या इलेक्ट्रिशियनकडून तपासून त्याचा रिपोर्ट ठेवा. शेजारच्या पोराने युट्युब बघून केलेलं वायरिंग दिसायला सारखंच दिसतं, पण बोर्ड उघडला की रंगीत टेपांची जत्रा.

स्मार्ट लाईट, स्मार्ट लॉक वगैरे करा हवं तर, पण साधं बटण पण ठेवा. एका घरात मी बघायला गेले तर मालकाला स्वतःलाच हॉलचा दिवा लावता येईना, ॲप अपडेट मागत होतं.

७. रंग, पीओपी, फर्निचर

रंगाचं फार टेन्शन घेऊ नका, पहिला गट आहे. आमची जांभळी भिंत होती, विकण्याआधी तीन हात प्राइमर-पेंट मारून पांढरी केली. टेक्स्चर मात्र विचार करून, ते घासून काढावं लागतं. वॉलपेपर पण निघता निघत नाही, आणि एकावर एक दोन थर असले तर प्लास्टर घेऊनच निघतो.

फॉल्स सीलिंगने खोलीची उंची सहज १५ सेंमी कमी होते, आणि त्यात जर खोल्या मुळात बुटक्या असतील तर आत शिरताच कोंडल्यासारखं वाटतं. शिवाय वरून लिकेज असेल तर दिसतच नाही, बघणाऱ्याला नेमका तोच संशय येतो. कडेकडेने केलं तर दोन्ही साधतं.

बांधीव फर्निचरबद्दल माझं मत थोडं टोकाचं आहे. कपाटं ठीक, स्वयंपाकघरातली कपाटं तर हवीतच. पण पलंग, सोफा, टीव्हीचं अख्ख्या भिंतीचं युनिट, भिंतीत घुसवलेला बार, हे सगळं तुमच्या मापाचं असतं. घेणाऱ्याचा स्वतःचा पलंग आहे, त्याला तुमचा काढून टाकायचा खर्च दिसतो. आम्ही मुलासाठी कारच्या आकाराचा पलंग भिंतीत ठोकून घेतलेला, मुलगा मोठा झाला, पाय बाहेर यायला लागले, आणि पलंग काढला तेव्हा खाली फरशीच नव्हती. सुताराने आणि गवंड्याने मिळून फरशी वाचवलेली! तेव्हा फर्निचर ठोकण्याआधी फरशी भिंतीपर्यंत पूर्ण घाला.

गुळगुळीत चकचकीत फरशी, ठिकठिकाणी चढउतार करणारे "लेव्हल", कठडा नसलेला जिना, हे फोटोत छान दिसतं. म्हातारी माणसं बरोबर असली की तिथेच सौदा फिसकटतो.

८. बाहेरची कामं

बाल्कनी बंद करून खोली मोठी करणं सगळ्यात कॉमन. बहुतेक ठिकाणी परवानगी लागते, लोक घेत नाहीत, आणि मग बँकेचा माणूस येतो.

आमच्याकडे आला तो लेसर मोजणीयंत्र घेऊन. भिंतीला टेकवायचा, टिक, वहीत लिहायचा, एक शब्द नाही. पाऊण तास. मग नकाशा पसरून म्हणाला, "मॅडम, ही बाल्कनी आणि मागची खोली मी धरू शकत नाही. आणि इथे दोन बेडरूम होत्या ना, एक कुठे गेली?" त्याने जे वाढवलेलं होतं ते शून्य धरलं आणि जे कमी केलेलं होतं ते कमीच धरलं. घेणाऱ्याचं कर्ज त्याच आकड्यावर ठरणार होतं, म्हणजे उरलेले पैसे त्याने खिशातून घालायचे. त्याने नाही घातले.

गाडीच्या जागेची खोली करणं पण असंच, वापरायला खोली मिळते पण घेणारा विचारतो गाडी कुठे लावू.

स्वतंत्र घर असेल तर अंगण. सगळं अंगण पेव्हर ब्लॉकने झाकू नका, पावसाचं पाणी मुरायला जागा ठेवा. आणि पेव्हरवर पेव्हर चढवत गेलं की बाहेरची जमीन जोत्याच्या जवळ येते. बाहेरची पातळी भिंतीतल्या ओल-रोधक थराच्या निदान १५ सेंमी खाली हवी आणि उतार घरापासून लांब. नाहीतर खालून ओल चढायला लागते आणि तुम्ही आतून रंग मारत बसता. मोठी होणारी झाडं भिंतीला खेटून लावू नका, मुळं ड्रेनेजच्या पाईपात शिरतात.

स्विमिंग पूल. ज्याला हवा त्याला फार हवा, पण बाकीच्यांना त्यात दिसतं ते साफसफाई, पंप, आणि लहान मुलांची धास्ती. बुजवायचा म्हटला तरी खर्च. हौसच असेल तर बांधा, पण गुंतवणूक म्हणून नको.

सोलर चांगलंच आहे, स्वतःच्या पैशाने घेतलेलं असेल तर. भाड्याने किंवा लांबच्या कराराने छपरावर बसवलेलं असेल तर तो करार घेणाऱ्याच्या गळ्यात जातो, आणि त्याला तो नको असला की सौदा अडकतो. सही करण्याआधी घर विकल्यास काय, हे कलम शोधा.

९. आजूबाजूला बघा

आसपासची घरं साधी आणि तुमच्या एकट्याच्या घरात इटालियन मार्बल, तर मार्बलचे पैसे मिळत नाहीत. भाव ठरवताना शेजारची घरं केवढ्याला गेली तेच आधी बघतात, आणि ज्याच्याकडे मार्बलचं बजेट आहे तो सहसा दुसऱ्या वस्तीत बघत असतो. काम करण्याआधी जवळपास विक्रीला असलेली तीन-चार घरं गिऱ्हाईक म्हणून बघून या. फुकटचं शिक्षण आहे, आणि लोकांची घरं बघायला मजा येते ते आहेच.

१०. काम चालू असताना फाईल भरत राहा

एक जाड फाईल, त्यात:

- परवानग्या, इमारतीच्या कमिटीचं पत्र, इंजिनिअरचं पत्र
- बिलं (टाईल्सचा नंबर आणि बॅच लिहिलेली, शिवाय प्रत्येक टाईलचं एक खोकं जास्त घेऊन ठेवा, पाच वर्षांनी एक फुटली की तीच छटा मिळत नाही)
- वॉटरप्रूफिंगची गॅरंटी
- बुजवलेल्या पाईप-वायरिंगचे फोटो, प्रिंट काढून
- काम पूर्ण झाल्यावर काही दाखला मिळत असेल तर तो, आणि नकाशा बदलला असेल तर सुधारित मंजूर नकाशा

नंतर करू म्हटलं की होत नाही. काँट्रॅक्टर फोन उचलत नाही.

११. आधीच करून बसला असाल तर

घाबरू नका, आम्ही पण बसलो होतो. विकायला काढण्याच्या चार-सहा महिने आधी हे या क्रमाने करा. आधी विनापरवानगी वाढवलेलं काय काय आहे ते बघा, नियमित करता येत असेल तर अर्ज टाका कारण याला सगळ्यात जास्त वेळ लागतो, येत नसेल तर काढून टाका किंवा घेणाऱ्याला पहिल्याच भेटीत सांगा. मग गळती, ओल. मग वायरिंग. रंग अगदी शेवटी, आणि नव्या प्लास्टरवर लगेच रंग नको, महिनाभर तरी सुकू द्या. नवीन महागडं स्वयंपाकघर, नवीन बाथरूम विकण्यासाठी म्हणून करू नका, घेणारा ते स्वतःच्या आवडीने तोडणार.

आम्ही मागच्या खोलीवरचा पत्रा काढला, बाल्कनी उघडली, बाथरूमची फरशी दोन्ही थर काढून नव्याने केली. आणि बेडरूममधली भिंत परत उभी केली, हलक्या ब्लॉकची, जिथे होती तिथेच. ८ दिवसांत भिंत आली, प्लास्टर झालं, घर परत तीन बेडरूमचं झालं आणि फोन यायला लागले. अडलं ते दारापाशी. मूळ दार आम्ही भिंत पाडली तेव्हाच भंगारात दिलेलं, त्या मापाचं आणि त्या लाकडाचं नवीन मिळेना, बाकीच्या दारांशी जुळेना, शेवटी चौकटीसकट बनवून घेतलं आणि त्यातच तीन आठवडे गेले. तेव्हा काही काढलंत तर दार, चौकट, कड्या, बिजागऱ्या, अगदी खिडकीचे गज सुद्धा, कापडात गुंडाळून माळ्यावर टाका आणि वर चिठ्ठी चिकटवा कुठलं आहे ते.